श्वास धरताना बोलायचं नसतं

आबांच्या उजव्या फुप्फुसात हरभऱ्याएवढी गाठ दिसली. क्षयरोगाची जुनी खूण असेल किंवा कर्करोग असेल, असं बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं. नुसत्या फोटोवरून ठरवता येत नव्हतं. सीटी स्कॅनमध्ये बघत बघत पाठीतून सुई घालायची आणि गाठीचा बारीक तुकडा तपासायला काढायचा होता. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, म्हणून मला हे सगळं समजलं असं सगळे धरून चालले. मला निम्मं समजलं होतं.

आबांना मशीनच्या टेबलावर पालथं झोपवलं. मी काचेच्या अलीकडे तंत्रज्ञाजवळ उभा होतो. श्वासाबरोबर गाठही हलते, म्हणून दर वेळी सारखाच श्वास घेऊन धरायचा होता. आधी सुईशिवाय सराव.

"काका, श्वास घ्या. धरा," तंत्रज्ञ माइकवर म्हणाले.

"हाव साहेब," आबा आतून म्हणाले.

पडद्यावर गाठ सरकली.

"काका, बोलू नका. फक्त धरा."

"न्हाई बोलत साहेब."

पुन्हा सरकली. आमच्याकडे साहेबानं काही सांगितलं आणि माणूस गप्प राहिला, तर तो माजलाय असं समजतात. आबांनी जन्मभर शेळ्या राखल्या. समोर तलाठी असो की कंडक्टर, 'हाव साहेब' म्हटल्याशिवाय त्यांनी कुणाचं ऐकलेलं नाही.

डॉक्टर बाहेर आले. "सुई आत असताना हे बोलले तर फुप्फुसाला इजा होईल. जमत नसेल तर आज रद्द करू."

मी चाचरत म्हणालो, "सर, मी सांगू का? ते मला उत्तर देत नाहीत."

"भांडण आहे?"

"नाही सर. मी मुलगा आहे."

डॉक्टरांनी माइक माझ्यासमोर सरकवला.

"आबा, श्वास घ्या. धरा."

आतून काही आलं नाही. गाठ जागेवर राहिली.

मग डॉक्टर आत जाऊन सुई थोडी पुढे सरकवायचे, बाहेर येऊन चित्र बघायचे, आणि मी सांगायचो. वडिलांना हुकूम सोडायची सवय नव्हती, त्यामुळे आवाज नको तेवढा चढत होता. आबांनी प्रत्येक हुकूम पाळला आणि एकालाही ओ दिली नाही. तुकडा मिळाला. नंतरच्या एक्स-रेमध्ये फुप्फुस ठीक दिसलं.

"कावून वरडत होतास रं एवढा?" वॉर्डात आबांनी विचारलं.

"माइक होता, आबा."

"तरी बी."

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आला. कर्करोग होता. पण गाठ लहान होती, पसरलेली नव्हती, ऑपरेशन करून काढता येणार होती. हे शेजारी बसलेल्या आबांना कसं सांगावं याचा मी परतीच्या बसमध्ये गेवराईपर्यंत विचार केला आणि शेवटी जसं होतं तसं सांगितलं. ते खिडकीबाहेर बघतच म्हणाले, दोन शेळ्या याच महिन्यात विणार हायेत, त्याच्या पुढची तारीख माग.

मी दुसऱ्या दिवशी फोन केला आणि सगळ्यात आधीची मागितली.