मामाचे बिस्कीट आणि टंगस्टनचा संशय

माझे नाव दत्तात्रय महादेव पिंपळखुटे, वय अठ्ठ्याहत्तर. शाळा लवकर सुटली, वाचन सुटले नाही. सदर बाजारात नाना सोनारांच्या पेढीवर आमची संध्याकाळची बैठक असते. संशय घेऊन येणारी माणसे तेथे इतकी, की किस्से न मागता साठत जातात. हे सारे एकाच बिस्किटाचे.

माझे मित्र मनोहर रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्या मुलीला मामाने सोन्याचे बिस्कीट दिले. लग्नात वरपक्षासमोर ते अखंड तिच्या ओटीत घालायचे होते. मामाने ते ओळखीवर, बिलाशिवाय घेतले होते. मी एवढेच म्हणालो, "वर सोन्याचा मुलामा, आत स्वस्त टंगस्टन धातू असू शकतो!"

मनोहरांची झोप उडाली. खोटे निघाले, तर मुलीची सासरी मान खाली. कापून पाहिले, तर मेहुणा जन्मभर बोलणार नाही!

*

नानांनी कसोटीवर रेघ ओढली. "चोख!"

"ती वरच्या थराची परीक्षा झाली," मी म्हणालो.

"काकाजी, तुमी तर जावयालेही कापून पाहसान!"

*

मग माझ्या सांगण्यावरून पाण्यात वजन केले. अगदी सोन्याचेच आले. मनोहर हसले. टंगस्टनची घनता सोन्याच्या जवळजवळ बरोबरीची असते, हे मला सांगावेच लागले.

नाना चिडले. "मंग पाण्यात काहून बुडवाले लावलं?"

*

टंगस्टन दिसते कसे, असा प्रश्न निघाला. मी जुना बल्ब रुमालात गुंडाळून फोडला. आतली करडी, केसासारखी तार चिमटीत धरताच तुटली.

"याले भिऊन राहिलो मी?" मनोहर म्हणाले.

"सोने वितळते त्याच्या तिपटीहून अधिक उष्णता हा धातू सोसतो," मी सांगितले.

"हव, पण तुमची चिमटी नाही सोसत!"

*

मुलीने घरून फ्रिजचे चुंबक आणले. बिस्किटाला ते चिकटले नाही. सगळे टाळ्या वाजवू लागले.

"टंगस्टनलाही चिकटत नाही," मी म्हणालो.

ती रडकुंडीला आली. "दादाजी, कुछ तो बचने दो!"

*

शेवटी मनोहरांनी मन घट्ट केले. लग्नाला आठवडा उरला होता. नानांनी बिस्कीट ऐरणीवर ठेवले. सोने असेल तर छिन्नी रुतेल, टंगस्टन असेल तर धारच उडेल. नानांनी हातोडी उचलली, आणि पेढीच्या पायरीवर प्रत्यक्ष मामा उभे!

मनोहरांनी बिस्किटावर घाईने रुमाल टाकला.

मामांनी चपला काढल्या, आत आले, रुमाल उचलला आणि गादीवर बसले.

"थांबले काहून नाना? मारा!"

छिन्नी मऊ रुतली. दोन तुकडे झाले. आतून बाहेरून एकच पिवळा रंग. मामांनी तुकडे उजेडात धरून पुन्हापुन्हा पाहिले.

"मनोहर, तुले शंका होती?"

"छे! हे काकाजीच..."

"मले होती."

लग्नात मुलीच्या ओटीत दोन तुकडे पडले. मनोहर आणि मामा आता दर रविवारी एकत्र जेवतात. मला बोलावतात, पण दागिने दाखवत नाहीत.