सैतान सर आणि एक निनावी अर्ज

सैतान सरांच्या वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणायचं नसे. नाव पुकारलं की सकाळपासून कुणाचं वाईट चिंतलं, ते एका वाक्यात सांगायचं. सुरुवात ते स्वतःपासून करत. “मी एसटीत खिडकी धरून बसलेल्या म्हाताऱ्याचं चिंतलं. हं, फुडं बोला.” पोरं हसता हसता खरं बोलून जात. मी शेजारच्या वर्गात इतिहास शिकवायचो आणि तो हशा भिंतीतून ऐकायचो. माझं चिंतन रोज कुणाबद्दल असे, हे वेगळं सांगायला नको.

त्यांचं खरं नाव कॉलेजात कुणी घेत नसे. राधानगरीकडच्या शेतकरी घरातले, पस्तिशीचे, तत्त्वज्ञानाला तासिका तत्त्वावर नेमलेले. म्हणजे दर जूनला नव्यानं नेमणूक झाली तर नोकरी, नाहीतर घरी. जगभरच्या धर्मांनी वाईटाला कसकसं रूप दिलं, हा त्यांचा आवडता विषय. म्हणायचे, “देव समद्यास्नी पाठ हाय. तुमचा शत्रू कोण त्यो सांगा, मग तुमचा धर्म मी सांगतो की!”

माझ्या नोकरीला सव्वीस वर्षं झालेली. वर्गात नऊ जण, त्यातले चार पंख्याखालच्या बाकासाठी येणारे. त्यांच्याकडे मात्र सायन्सची पोरंसुद्धा खिडकीत बसत. मला हेवा वाटायचा. साधासुधा नव्हे, डबा गोड लागू नये असा. तरी मोकळा तास मिळाला की मी व्हरांड्यात नोटीस वाचायचं सोंग करून त्यांना ऐकत उभा राहायचो. ज्यूंच्या जुन्या कथेतला सैतान देवाच्याच दरबारात सरकारी वकिली करतो, पारशांचा अहरिमन पहिल्यापासून देवासमोर शत्रू म्हणून ठाकलेला असतो, बुद्ध मोहात पाडणाऱ्या माराशी लढत बसत नाही, त्याला नुसता ओळखतो, हे सगळं मी त्या नोटीस बोर्डापुढे शिकलो. इब्लिसाच्या, म्हणजे इस्लाममधल्या सैतानाच्या तासाला ते म्हणाले, “अल्लानं सांगितलं, आदमापुढं वाक. ह्यो म्हणला, मी आगीचा, त्यो मातीचा. कालच्या पोरापुढं मी वाकू? एवढंच दुखणं हाय बगा त्याचं.” त्या दिवशी मी नोटीस अर्धीच सोडून स्टाफरूममध्ये जाऊन बसलो.

नवरात्रात ललितापंचमीला ते वर्गाला टेंबलाई देवीच्या टेकडीवर नेत. एका वर्षी मीही गेलो होतो, जरा अंतर ठेवून. कोल्हासुर राक्षसाचं प्रतीक म्हणून तिथं कोहळा फोडतात आणि त्याचा तुकडा घरी न्यायला लोकांची झुंबड उडते. सर पोरांना म्हणाले, “देवीनं राक्षस मारला, पर गावाला नाव त्याचंच ऱ्हायलं. आनि आता त्याचाच तुकडा पायजे समद्यास्नी. वाईट कुणी टाकून देत न्हाय, वाटून घेतंय.” पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कुठल्याही वाक्याला कधी टाळी पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी निनावी अर्ज टाइप केला. ‘हे शिक्षक वर्गात राक्षसांची थोरवी गातात, भावना दुखावतात.’ पुराव्यादाखल त्यांची वाक्यं शब्दन् शब्द घातली. खाली ‘एक व्यथित पालक’. कॉलेजच्या रिवाजाप्रमाणे अशा अर्जाची चौकशी सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापकाकडे येते. हे मी विसरलोच होतो. प्राचार्यांनी तो कागद माझ्याच हातात ठेवला.

सर माझ्यासमोर बसून अर्ज वाचू लागले. त्यांनी दोनदा वाचला आणि चेहरा उजळला. “सर, ह्यो पालक न्हवं, माझा इद्यार्थीच! कोन हाय ओ? इब्लिसाचं समदं बरोबर लिवलंय. माराचं तर माझ्यापरास झ्याक! तीन वर्सांत येवढं कान दिऊन मला कुणी ऐकलं न्हाय.” मग लाजत म्हणाले, “याची एक झेरॉक्स दिशीला का?”

मी दिली. अहवालात ‘तथ्य आढळले नाही’ असं लिहिलं. ‘अर्ज मी केला’ हे लिहायचं धाडस झालं नाही. प्राचार्य म्हणाले, “खरंखोटं असू द्या, मला वाद नको.” जूनमध्ये नेमणूक निघाली नाही. तास माझ्याकडे आले. खिडकीतली पोरं दोन दिवस आली, तिसऱ्या दिवशी खिडकी रिकामी झाली.

सर आता गडहिंग्लजला एका शिकवणीत शिकवतात. महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो.

“सर, घावला का ओ माझा इद्यार्थी?”

“अजून नाही.”

“घावंल की. बरं, त्यो घावंपतूर तुमीच ऐका,” म्हणतात, आणि त्या आठवड्याचा सगळा तास मला सांगतात. मी कान देऊन ऐकतो.