हातचा पोहोचला का?

नांदेडच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात मोहसीन जिलानी शेख चोवीस वर्षांपासून लॅब असिस्टंट आहेत. मोजमापाच्या तक्त्याखाली त्यांची सही लागते, आणि ती सहजासहजी मिळत नाही. आकडा चांगला आला की ते आधी मीटरवर संशय घेतात, मग विद्यार्थ्यावर. वडील जिलानीमियां रिक्षांचे किलोमीटर-मीटर दुरुस्त करायचे. दुरुस्त केलेला मीटर ते ९९९९९ वर आणून ठेवत आणि एक किलोमीटर पुढे फिरवून बघत. अडकायचा तो तिथेच, कारण सगळी चाकं एकदम फिरण्याची वेळ तीच.

मे महिन्यात भोकरची ऋतुजा एम.टेक.चा तक्ता घेऊन आली. बेरीज करणारं बत्तीस घरांचं सर्किट तिने कमी व्होल्टेजवर चालवलं होतं. त्याला शून्य आणि एक एवढेच अंक ठाऊक; एकात एक मिळवला की त्या घरात शून्य उरतं आणि हातचा पुढच्या घरात जातो. वीज चौतीस टक्के वाचत होती. सोमवारी प्रबंध गेला नाही, तर तिचं वर्ष वाया जाणार होतं. मोहसीनभाईंनी मीटर बदलून मोजलं. आकडा तोच आला. त्यांचा संशय आणखी वाढला.

“लई कमी खातंय. काम करून राहिलंय का नुसतं बसून हाय?”

“चाचा, धा हजार बेरजा तपासल्यात. एक चुकली न्हाई.”

कोणत्या बेरजा, असं त्यांनी विचारलं. कम्प्युटरने वाटेल ते आकडे उचलून दिल्या तशा, ती म्हणाली. पण तशा आकड्यांत हातचा बहुतेक वेळा चार-पाच घरं चालून थांबतो. त्यांनी बत्तीसही घरांत एक भरायला लावला आणि त्यात एक मिळवायला सांगितला. आता हातच्याला पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत जायचं होतं, आणि उत्तरात सगळी शून्यं यायला हवी होती. पण शेवटच्या सातही घरांत शून्य आलं नाही, एकाचा अंक तसाच राहिला. कमी व्होल्टेजवर हातचा वेळेत पोहोचला नव्हता.

चाचांनीच सर्किटच्या बोर्डाला काही केलं असेल, असं ऋतुजाला वाटलं. त्यांना बाजूला बसवून तिने सगळ्या वायरी स्वतः तपासल्या. उत्तर पुन्हा तेच.

तिचे मार्गदर्शक रविकिरण सर आले. अशी बेरीज कोट्यवधींत एखादी येते, कोण विचारणार, सही करून टाका, असं त्यांचं म्हणणं पडलं.

“सर, ह्ये सर्किट उद्या दवाखान्याच्या यंत्रात बसंल. तिथं ती बेरीज येनार न्हाई, एवढं लिहून द्या. मी सही करतो.”

सरांनी लिहून दिलं नाही. ऋतुजा मात्र बोर्डाकडे वळली आणि व्होल्टेज थोडंथोडं वाढवू लागली. बत्तीसही घरांत शून्य आलं, तेव्हा बचत अकरा टक्क्यांवर उतरली होती.

“अकरा बघून परीक्षक हसतील,” सर म्हणाले.

“हसू द्या, सर.” तिने चौतीस खोडून अकरा लिहिले.

मोहसीनभाईंनी लगेच पेन काढलं नाही. तीच बेरीज शंभरदा करवली. मग दर वेळी वेगळ्या घरापासून हातचा सुरू करून पाहिला. संध्याकाळी सही केली, आणि ती कोणत्या व्होल्टेजपुरती आहे, तो आकडा सहीशेजारी लिहिला.