लाल दगडाचा बाक

द्वारकेहून मेट्रोनं मी रोज जुन्या दिल्लीत जायचो. आमच्या ऑफिसनं तिथली एक जुनी गल्ली नव्यानं सजवायला घेतली होती. त्या गल्लीत रजया शिवणारे एक म्हातारे चाचा होते. त्यांच्या दारासमोर आम्ही लाल दगडाचा देखणा बाक बसवला. मेट्रोत बेवारस बॅगेकडे लोक पाहतात, तसं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. वाकून खालूनही तपासलं. मग स्वतःचा वेताचा बुटका मूढा ओढून त्यावर, बाकाला लागूनच बसले. रोज तसंच.

शेवटी मी वैतागलो. "चाचा, आपके लिए ही तो बनाया है. बैठिए ना!"

दातानं दोरा तोडत ते म्हणाले, "अच्छा? आज बिठा रहे हो. कल पूछोगे, यहाँ क्यों बैठे हो."

भलताच संशयी माणूस, असं मी घरी बायकोला सांगितलं.

पुढे कधीतरी पुण्याच्या पाहुण्यांना ती गल्ली दाखवायला नेलं. चाचांच्या घरात आता कॅफे होता. पाय दुखले म्हणून मी आमच्याच बाकावर टेकलो. आतून वेटर आला आणि अदबीनं म्हणाला, "सर, ऑर्डर के बिना यहाँ नहीं बैठ सकते."

मी उठलो, आणि नकळत तो मूढा शोधायला लागलो.