पळायला गेले आणि स्कूटरवरून परत आले

मंडळी, सकाळपासून मला काही सुचत नाहीये. तुम्हीच सांगा.

मॅरेथॉनच्या तयारीचा आज माझा पहिला दिवस. बस पकडायलासुद्धा कधी न पळालेली मी, सहा वाजता गारखेड्यातून निघाले. कोच म्हणाले होते, एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला. दुसऱ्या किलोमीटरलाच मी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभी!

तेवढ्यात शेजारचे वाघमारे काका स्कूटरवर आले. "अगं, काय झालं? लई घाईत दिसतीस. बस मागं."

"काका, मी पळतीय."

"दिसतंय ना मला. म्हणून तर म्हणतोय, बस."

आता वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? बसले. काकांनी थेट घरासमोर सोडलं आणि वर म्हणाले, "रिक्षा मिळाली नाय की मला फोन करत जा."

मोबाइलमधलं पळणं मोजायचं ॲप मात्र चालूच राहिलं होतं. ते सगळं अंतर मी पळाले असं धरून त्यानं आमच्या मॅरेथॉनच्या ग्रुपवर टाकूनही दिलं. अंगठेच अंगठे आले! कोचनी लिहिलं, "ताई, परतीचा स्पीड बघून मी चाट पडलो. उद्यापासून तुम्ही फास्ट बॅचला."

कोचना काय उत्तर द्यावं याचा विचार करत होते, तोच काकांचा फोन. "उद्या पण सहालाच ना? मी खाली थांबतो."

आणि माझ्या तोंडून "हो काका" निघून गेलं.

आता खरं आधी कुणाला सांगू? कोचना की काकांना?