गर्दनीतली अकड

निजामाच्या राज्यात मी लातूरच्या कचेरीत अहलकार होतो, म्हणजे साधा कारकून. दिवसभर बैठ्या डेस्कावर मान घालून उर्दू खरडायची. चाळिशीतच मान धरली. सासुरवाडीला नांदेडला गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी चाचपून सांगितलं, "मणक्यांचे सांधे झिजलेत. मधल्या गाद्या चेपल्या की हाडाला हाड घासतं, शीर चिमटते. म्हणून मान आखडते, कळ खांद्यात उतरते. झिजलेलं भरून येत नाही. शेक घ्या."

मी बायकोला म्हणालो, "सरकार आन् माझी मान, दोन्ही संगंच झिजून राहिले."

"हळू बोला," ती म्हणाली, "भिंतीला कान असतात."

धाकटा भाऊ निजामाविरुद्धच्या चळवळीत. मी सरकारचा नोकर, म्हणून माझ्याशी अबोला. शेजारी जेवायला बसायचा नाही, मीठसुद्धा वहिनीकडं मागायचा. हे मला मानेपेक्षा जास्त दुखायचं.

अशात नवे तहसीलदार आले. सगळे मान झुकवून सलाम करत गेले. माझी पाळी आली. हात कपाळाला गेला, पण मान जागची हलेना. साहेब गुरकावले, "बहुत अकड है गर्दन में!"

अरे देवा! मला वाटलं, प्रकृतीची चौकशी करणारा पहिला साहेब भेटला. भारावून म्हणालो, "जी हुजूर, बहुत अकड है! कितना भी सेको, जाती नहीं!"

कचेरी गार पडली. मला तिथल्या तिथं मुअत्तल केलं, म्हणजे कामावरून काढून घरी पाठवलं.

संध्याकाळी भाऊ धावत आला, पाया पडला. "दादा, लई हिंमत केली तुम्ही! सायबाच्या तोंडावर!" त्यानं गळ्यात हार घातला. मानेत अशी कळ गेली की डोळे भरून आले. त्याला वाटलं, देशप्रेमानं. मी कशाला खुलासा करतो? त्या रात्री तो ताट घेऊन माझ्या शेजारी बसला आणि पोटभर बोलला. इतकं बरं मला कुठल्याच शेकानं वाटलं नव्हतं.

पण नोकरी गेलेल्या घरात पीठ किती टिकणार? "अकडीची भाकर होत न्हाई," बायको म्हणाली. शेवटी साहेबांकडे गेलो. सांधे, गाद्या, शीर, सगळं सांगितलं. साहेब पोट धरून हसले आणि कामावर घेतलं.

बाजारभर हसू झालं. भाऊ दारात येऊन उभा राहिला. "दादा, नुसती मानच धरली होती?"

शरमेनं मान खाली घालायची होती. मेली जाईना. तसाच त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो.