शेवटचा घाव कोणाचा

हसायचं असेल तर आधी हातातला कप खाली ठेवा. कारण हा गाढवपणा मी एकदा नाही, दोनदा केला आहे. एकदा तर माणूस चुकतोच. दोनदा कोण चुकतं? मी.

मी सुतार. धानोऱ्याच्या पुढे आमचं गाव. गावच्या मिशनच्या दवाखान्यात एक सिस्टर आहेत, चर्चच्या नन, पेरू देशातल्या, उंच डोंगरातल्या. इथे राहून राहून त्या आमच्यासारखंच बोलतात. एकदा त्या म्हणाल्या, "भाऊ, आमच्याकडे चाळीस दिवसांचे उपास लागाच्या आधी मोठा सण राह्यते. भुईत एक झाड गाडाचं, त्याले भेटवस्तू बांधाच्या, जोडीजोडीनं नाचाचं अन् एकेक घाव घालून पाडाचं. आपण करू इथी?"

गाव नाचायला एका पायावर तयार. झाड माझ्याच बांधावरचं, सुबाभळीचं.

हा सण येतो महाशिवरात्रीच्या मागेपुढे. आणि शिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा. माझी बायको सुमन लग्नापासून त्या जत्रेला जायचं म्हणते आहे, आणि दरवर्षी माझ्याकडे कोणाचं तरी दार अर्धवट असतं. त्या वर्षीही होतं. मी म्हटलं, "पुढल्या वर्षी नक्की. महादेवाची शपथ."

सणाच्या सकाळी सिस्टरनी सगळ्यांना गोळा करून नियम सांगितले. मी नव्हतो. मी खड्ड्यापाशी झाडाला ओळंबा लावत होतो. तासाभराने जे पाडायचंच आहे, ते झाड सरळ उभं राहावं म्हणून!

नियम विचारायची गरज काय? शंकरपटात पहिली येते ती बैलजोडी जिंकते, कुस्तीत पाठ टेकवतो तो जिंकतो. इथे झाड पाडेल तो जिंकणार. लहान पोरालाही कळेल.

ढोल सुरू झाला. झाडाला टॉवेल, बांगड्या, फुगे, बिस्किटांचे पुडे, स्टीलच्या वाट्या लटकत होत्या. पहिला घाव तुळशीरामचा. हा आमचा ढिवर, तलावातून भरलं जाळं एकटा ओढतो. त्याच्या घावाने साल निघाली, तीही थोडीशी.

"काऊन रे, जेवला नाई का?"

"मनगटात चमक भरली, भाऊ. तुम्हीच मारा नं. तुमच्या हाताची सर आमच्या हाताले नाई."

त्याच्या मागचा म्हणाला, "खरी गोष्ट आहे. गावात असा हात दुसरा नाई."

मी फुगलो. मनात हिशेब मांडला: खोड वीतभर, घाव बोटभर, शेवटचा घाव अमुक फेरीत. तो आपल्याच वाट्याला यावा म्हणून मी दोनदा रांग मोडून मध्ये घुसलो. कोणी हरकत घेतली नाही. आमच्या गावात रांग मोडल्यावर कोणी हरकत घेत नाही, इथेच मला शंका यायला हवी होती.

पलीकडून सुमन पिठाचे हात हलवत धावत आली. "अवो, थांबा जी! मारू नोका!"

केवढी काळजी बिचारीला. मी ओरडून सांगितलं, "कंबर मजबूत आहे माही, भेऊ नोको," आणि घातला घाव.

झाड आडवं! पोरं वाट्यांवर तुटून पडली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुळशीरामच्या मनगटातली चमक जागच्या जागी बरी झाली, तो दोन्ही हातांनी वाजवत होता. मी कुऱ्हाड खांद्यावर टाकून छोटं भाषणही केलं. असा मान प्रत्येकाला मिळो, म्हटलं. मग हळूच विचारलं, "सिस्टर, बक्षीस काय?"

"कायचं बक्षीस? जो झाड पाडते, पुढल्या वर्षीचा सण त्याचा. झाड तुमचं, वस्तू तुमच्या, गावजेवण तुमचं. सकाळी सगळ्याइले सांगतलं नं मी. तुम्ही कुठी होते?"

"ओळंबा लावून राह्यलो होतो."

"आता भुई साक्षी आहे. इंका राजाच्या काळापासून आमचे लोक भुईले देल्ला शब्द मोडत नाई. अन् चर्चमधले संतही पाहून राह्यले."

खालून भुई, वरून संत. पळणार कुठे?

सुमनने विचारलं, "पुढल्या वर्षी कधी येते मंते हे?"

सिस्टरनी बोटं मोजली. "शिवरात्रीच्याच मांगंपुढं."

सुमन माझ्याकडे बघून फक्त "बराबर" म्हणाली. पुढचे चार दिवस घरात तेवढा एकच शब्द होता.

पुढल्या वर्षी मी बेत आखला. सकाळी झाड, दुपारी जेवण, चारच्या गाडीने आम्ही दोघं मार्कंड्याला. सुमनने पहाटेपासून गावाचा स्वयंपाक केला, पिशवी भरून चुलीपाशी ठेवली. एकच अडचण होती. झाड पडल्याशिवाय पंगत बसत नाही, आणि आता नियम मलाही माहीत होता, गावालाही.

कुऱ्हाड हातोहात फिरू लागली. तान्ह्या लेकराला थोपटावं तसे लोक झाडाला थोपटत होते. तुळशीरामने तर कुऱ्हाडीची उलटी बाजू लावली. दुपार कलली, ढोलवाला दमला, भात थंड झाला. सुमन दारातून म्हणाली, "तीन वाजले जी."

मी कुऱ्हाडीला शिवणार नव्हतो. हाताची घडी घालून बसलो होतो. पण समोर ते खोड. चहूबाजूंनी उंदराने कुरतडल्यासारखं, आणि मधोमध एक ढलपी वर आलेली, वाकडी. तुम्ही सुतार नाही, तुम्हाला नाही कळायचं. मला ते बघवेना.

"तुळशीराम, मी घाव नाई घालत. नुसती ढलपी साफ करतो, पटाशीनं."

"करा नं, भाऊ," तो इतक्या गोड आवाजात म्हणाला की साखर कमी पडावी. "नीट करा."

मी पटाशी टेकवली आणि वर एक टिचकी मारली. एकच.

झाड पडलं.

"ही कुऱ्हाड नोहे," मी पटाशी उंच धरून सिस्टरना सांगितलं, "पटाशी आहे."

"झाड तं पडलं नं, भाऊ?"

सुमन घरातून आली. ओगराळं माझ्या हातात दिलं, पिशवी काखेत मारली. "मी चालली मार्कंड्याले. पुढल्या वर्षीही जाईन. वाढा आता." आणि ती चारच्या गाडीने गेली. एकटी.

पंगत बसली. मी ओगराळं घेऊन पहिल्या पानापाशी वाकलो. तिथे तुळशीराम बसला होता. भाजीचा घास खाऊन म्हणाला,

"मस्त झाली, भाऊ. फकस्त पुढल्या वर्षी तिखट जरासं कमी घाला."